बिनचिठ्ठीचे कपडे

१९९४ साली घराघरांत कपडे धुण्याचं यंत्र पोचलं नव्हतं आणि माणसं कामाला कोट घालून जायची, त्यामुळे लाँड्री चालायची. कोपऱ्यावरची लाँड्री एक नवरा-बायको चालवत. नवरा, म्हणजे थोरला, मागच्या खोलीत इस्त्रीच्या सहवासात असायचा. माणसांशी बोलायचं काम त्याने लग्न झाल्यावर बायकोकडे सोपवलं होतं. ती पुढे काउंटरवर. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. आणि वरच्या मजल्यावर, टेबलावर पाय टाकून, थोरल्याचा धाकटा भाऊ एम.कॉम. करत होता. हे त्याचं तिसरं वर्ष. अभ्यासक्रम दोनच वर्षांचा होता, पण धाकट्याला आयुष्यात कशाचीच घाई नव्हती.

बाकीचे विषय सुटले होते. अडकला होता एकच, ‘स्ट्रॅटेजिक कॉस्ट मॅनेजमेंट’. नाव इतकं भारदस्त, की त्यात नापास झालो असं सांगतानाही छाती फुगावी. पण या खेपेला सुटला नाही तर पुस्तकं बांधून ठेवायची आणि इस्त्री धरायची, असं थोरल्याने वाफेच्या आडून जाहीर केलं होतं. धाकट्याला इस्त्रीची धास्ती वाटायची. गरम असते म्हणून नाही, रोज असते म्हणून.

लेखी परीक्षा कशीबशी पार पडली. उरला प्रकल्प. एखाद्या खऱ्याखुऱ्या धंद्यातला खर्च कमी करून दाखवायचा आणि तोंडी परीक्षेत त्याचं समर्थन करायचं. हा विषय शिकवणारे सर उंच, ताठ आणि स्वतःच्या वाक्यांवर खूश असलेले गृहस्थ होते. “प्रत्येक कामाला विचारा,” ते दर तासाला म्हणत, “तुझ्यासाठी गिऱ्हाईक पैसे देईल का? देणार नसेल, तर ते काम मूल्य वाढवत नाही. काढून टाका.” गिऱ्हाईक या तासासाठी पैसे देईल का, हे मात्र वर्गात कुणी विचारलं नाही. सगळ्यांना पास व्हायचं होतं.

खरा धंदा शोधायला फार लांब जायचं धाकट्याच्या जिवावर आलं. तो जिना उतरला आणि काउंटरजवळ स्टूल घेऊन बसला.

“वहिनी, या चिठ्ठ्या लिहिण्यात आणि टोचण्यात तुमचा केवढा वेळ जातो, कल्पना आहे?”

वहिनी एका कॉलरला कापडी चिठ्ठी लावत होती. तिच्यावर नंबर, तोच नंबर पावतीवर. “जातो खरा. वर बोटं टोचून घ्यायची ती वेगळीच.”

“गिऱ्हाईक धुण्याचे पैसे देतं. चिठ्ठीचे देतं का?”

“देतंय कुठलं. उलट टाचणीने भोक पडलं म्हणून भांडतं.”

“म्हणजे निव्वळ फुकटचं काम. आणि या गप्पा? मघाशी त्या शाळेतल्या बाईंच्या गुडघ्याची एवढी चौकशी केलीत, त्याचे काय मिळाले?”

“ते मात्र मलाच मिळायला हवेत, भावजी. तो गुडघा मी तिच्याइतकाच सोसलाय.”

दुसरी एखादी असती तर दिराला स्टुलासकट वर पाठवून दिलं असतं. पण वहिनीला गेली कित्येक वर्षं दुपारी जरा आडवं व्हायचं होतं, आणि शास्त्राचा आधार मिळत नव्हता. तो घरबसल्या चालून आला.

“चिठ्ठी नसली तर कपडे ओळखायचे कसे?” तिने विचारलं, पण टाचण्यांची डबी मिटूनच.

“तुम्ही कोट बघून माणूस सांगता. तुमच्या डोक्यात सगळं आहे.”

ते खरंच होतं. वहिनी सुखावली. चिठ्ठ्या गेल्या. मग धाकट्याच्या लक्षात आलं, की लिहायचंच नाही तर काउंटरवर माणूस कशाला? त्याने दारात एक मोठं खोकं ठेवलं आणि वर पाटी लावली, ‘कपडे आत टाका, शनिवारी न्या.’ वहिनी मासिक घेऊन आत जाऊन पडली. पहिली सुधारणा म्हणत होती, वहिनी सगळं ओळखेल. दुसरी म्हणत होती, वहिनीने बघायची गरज नाही. या दोन सुधारणांची आपसांत ओळख करून द्यायचं धाकट्याच्या मनात आलं नाही.

थोरल्याच्या आलं. “अरे, पण कुणाचं काय ते कळणार कसं?”

“दादा, तू फार जुन्या पद्धतीने विचार करतोस.”

थोरला इस्त्रीकडे परत गेला. इस्त्रीने त्याला असं कधी ऐकवलं नव्हतं.

शुक्रवारी धाकट्याने प्रकल्प लिहून टाकला. ‘गिऱ्हाइकांचे समाधान’ हा तक्ताही त्यातच भरला, कारण शनिवारी गर्दी असते.

गर्दी झाली. त्या हिवाळ्यात मोठ्या रस्त्यावरच्या दुकानाने तपकिरी कोट निम्म्या भावात काढले होते, आणि स्वस्त मिळतं म्हटल्यावर माणसं काय करतात ते सांगायला नको. हँगरवर तपकिरी कोटांची रांग लागली होती. वहिनीला कपडे ओळखता यायचे, पण माणसाच्या अंगावर. माणूस काढून घेतल्यावर सगळे भाऊ-भाऊ दिसत होते.

“हा घ्या, हा तुमचाच.”

“माझा निळा होता.”

“धुतल्यावर रंग बदलतो हो.”

शाळेतल्या बाईंच्या वाट्याला पुरुषी पँट आली. कापड बरं होतं, म्हणून त्या भांडण अर्धवट टाकून ती घेऊन गेल्या. ठेंगणा विमा एजंट गुडघ्यापर्यंत येणारा कोट घालून आरशासमोर बराच वेळ उभा राहिला आणि तो तसाच घालून निघून गेला. वहिनीने मासिक चुलीत घातलं.

“भावजी, कुणाचं काय कुठे गेलंय, देवाला ठाऊक.”

“सुरुवातीला थोडा विरोध होतोच,” धाकटा म्हणाला. हेही पुस्तकात होतं.

सोमवारी तोंडी परीक्षा. धाकटा आत गेला, बसला, आणि त्याने मान वर केली. समोर सर होते. त्यांच्या अंगात तपकिरी कोट होता. त्याच्या बाह्या कोपराच्या जरा खाली संपत होत्या, बटणं एकमेकांपासून लांब उभी होती, आणि कॉलरवर विमा कंपनीचा छोटा बिल्ला चमकत होता. सरांच्या घरचे कपडे त्यांची बहीण धुवायला टाकते, हे धाकटा ऐकून होता; कुठे टाकते, हे त्याला त्या क्षणी कळलं.

“प्रकल्प कुठे केलात?” सरांनी हात न हलवता विचारलं.

“सेवा क्षेत्रात, सर.”

“म्हणजे?”

“वस्त्रांशी संबंधित सेवा.”

“लाँड्री?”

“तसंही म्हणता येईल.”

“कोपऱ्यावरची?”

“कोपरा आहे खरा तिथे.”

“कुठलं काम काढून टाकलंत?”

“कपड्यांना चिठ्ठ्या लावण्याचं. गिऱ्हाईक त्यासाठी पैसे देईल का, असं विचारायला तुम्हीच सांगितलं होतंत, सर.”

“मग विचारलंत?”

“कुणाला?”

“गिऱ्हाइकाला.”

हा मुद्दा धाकट्याच्या डोक्यातच आला नव्हता. “ते राहिलं, सर.”

“आता विचारा.”

“सर, कपड्याला चिठ्ठी लावावी म्हणून तुम्ही वेगळे पैसे द्याल का?”

सरांनी उत्तरादाखल हात उचलला. पाठीत कुठेतरी एक शिवण उसवल्याचा आवाज आला. “देईन,” ते म्हणाले. “आगाऊ देईन.”

धाकट्याला इस्त्री दिसू लागली. सरांनी पेन उघडलं, गुणांच्या कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

“नापास केलं तर काय कराल?”

“पुन्हा बसेन, सर.”

“पुन्हा प्रकल्प?”

“करावाच लागेल.”

“कशावर?”

खोटं बोलायलाही तयारी लागते, ती धाकट्याने केली नव्हती. “आमच्या समोर एक केस कापणारा आहे, सर. तो कात्री लावण्याआधी प्रत्येकाला विचारतो, कसे कापू. फार वेळ जातो त्यात.”

सरांचा हात आपल्या नीट कापलेल्या केसांकडे गेला. दुसरी शिवण उसवली.

“पास,” ते म्हणाले. “तुम्हाला नापास करणं हे मूल्य न वाढवणारं काम आहे.”

वहिनी त्याच संध्याकाळी टाचण्यांची डबी घेऊन काउंटरवर बसली. चिठ्ठीचे तिने वेगळे पैसे लावले आणि लोकांनी ते मुकाट्याने दिले, सरांनी सगळ्यांच्या आधी. त्यातून तिने काउंटरमागे आरामखुर्ची घेतली. गुडघ्याची चौकशी मात्र शेवटपर्यंत फुकट राहिली. विमा एजंटाने सरांचा कोट परत केला नाही. “यात लोक माझं पूर्ण ऐकून घेतात,” असं तो म्हणे, आणि असणार, कारण पुढे तो शाखेचा मुख्य झाला. सर निवृत्त होईपर्यंत तोच विषय शिकवत राहिले, फक्त मोघम उदाहरणं देऊ लागले. थोरला इस्त्रीपाशीच म्हातारा झाला. त्या प्रकरणाबद्दल तो कुणाला काही बोलल्याचं ऐकिवात नाही. इस्त्रीला बोलला असेल.

धाकटा खर्चाचा सल्लागार झाला. परक्यांच्या कारखान्यांत जाऊन कुठली कामं बंद करावीत ते तो सांगतो, निकाल लागायच्या आत फी घेऊन निघतो आणि अजून कुणी त्याला इस्त्री धरायला लावलेलं नाही. त्याच्याकडे आता पुष्कळ कोट आहेत. प्रत्येकाच्या कॉलरखाली त्याने आपलं नाव शिवून घेतलं आहे, आणि एक बाहीच्या आतही, असू दे म्हणून.