न चोरली जाणारी सायकल

विद्यापीठ आणि उद्योग यांचं नातं परस्परविश्वासावर उभं असतं, असं आमच्या तंत्रविद्यापीठाचे कुलगुरू दर सप्टेंबरात सांगतात. प्राध्यापक मेन्नो विर्डाचं नातं ज्या कंपनीशी होतं, ती कुलपं बनवायची. कुणाचाच कुणावर विश्वास नाही, या भक्कम पायावर तिचा धंदा तीन पिढ्या चालला होता.

या कंपनीच्या पैशावर मेन्नोने न चोरली जाणारी सायकल बनवली होती. म्हणजे बनवली होती यिस्काने. मेन्नो तिचा मार्गदर्शक असल्यामुळे भाषणं तो करायचा. सायकलच्या मागच्या चाकात एक हुशार कुलूप होतं. मालकाचा फोन ओळखून ते उघडायचं आणि परक्याने धक्का लावला की असं किंचाळायचं, की चोराने धंदा बदलावा. यिस्काचं संशोधन अजून दोन वर्षांचं उरलं होतं आणि कंपनीचा पैसा त्याच महिन्यात संपत होता. पुढे द्यायचा की नाही हे ठरवायला मालकीणबाई फ्राउके ब्रांड्समा स्वतः येणार होत्या. त्या नाही म्हणाल्या तर यिस्काला गावी भावाच्या गोठ्यात जावं लागणार होतं. भावाने तिच्या मापाचे रबरी बूटही आणून ठेवले होते.

"प्रयोगशाळेत नको," मेन्नोने ठरवलं होतं. "खऱ्या जगात दाखवू. खाली दारासमोर, सायकलींच्या गर्दीत. बाई बघतायत, मी फोन काढतो, टिक्, आणि टांग टाकून निघालो! काय?"

"खऱ्या जगात पाऊस असतो," यिस्का म्हणाली.

"मग भिजत निघालो."

त्या दिवशी पाऊस नव्हता. यिस्काने सायकल स्टँडवर लावली आणि वर जाऊन कॉफीची मांडामांड केली. इकडच्या रीतीप्रमाणे माणशी एकच बिस्किट बशीत काढलं आणि डबा परत कपाटात ठेवला. मग ती मेन्नोला घेऊन खाली आली. सायकल जागेवर होती. फक्त तिला खेटून एक म्हातारी काळी सायकल उभी होती, आणि त्या म्हातारीची मनगटाएवढी गंजकी साखळी दोन्ही सायकलींच्या दांड्यांतून फिरून स्टँडला कुलूपबंद झाली होती.

मेन्नोने फोन काढला. टिक्. हुशार कुलूप उघडलं. सायकल पूर्णपणे मोकळी झाली, निघत तेवढी नव्हती.

"कुठल्या गाढवाचं काम हे?" मेन्नो ओरडला.

यिस्काने तिथूनच सगळ्या विभागाला ईमेल टाकला. भराभर उत्तरं आली. दुसऱ्याच्या सायकलीला साखळी बांधणं चूक आहे, यावर विभागाचं एकमत होतं. एकाने यासाठी समिती नेमावी असं सुचवलं, आणि दुसऱ्याने समितीवर यायची तयारी दाखवली. साखळी कुणाची, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

"वुब्बोला बोलव," मेन्नो म्हणाला.

वुब्बो कार्यशाळेतून हातभर लांब कात्री घेऊन आला. "दोन मिनिटांचं काम," म्हणून त्याने जोर लावला. कट्टकन आवाज झाला. सगळ्यांनी वाकून पाहिलं. साखळी तशीच होती. कात्रीला खाच पडली होती.

"काय खाऊन बनवलीय ही!" वुब्बो म्हणाला आणि ग्राइंडर आणायला गेला.

ग्राइंडर सुरू झाला, ठिणग्या उडाल्या आणि तेवढ्यात हुशार कुलपाला चोर आल्याचा संशय आला. ते बंद होऊन किंचाळायला लागलं. इमारतीच्या खिडक्या एकामागून एक उघडल्या.

"बंद कर ते!" मेन्नो कानांवर हात ठेवून म्हणाला.

"होत नाही बंद! कुणी हलवत असेपर्यंत फोनचंही ऐकायचं नाही, असंच केलंय ना आपण!"

"कुणाचं डोकं होतं हे?"

"तुझं. भाषणात जाहीर केलंस, मग मला बसवावं लागलं."

आवाजाने सुरक्षारक्षक आला. त्याने आधी ग्राइंडर थांबवला, मग कुलूप थांबायची वाट पाहिली आणि शांतपणे विचारलं, "सायकल कुणाची?"

"आमची," मेन्नो म्हणाला. "म्हणजे सांगाडा कंपनीचा आहे. कुलूप विद्यापीठाचं."

"आणि ते किंचाळतं ते?"

"त्याचं पेटंट निम्मं-निम्मं."

"बरं. साखळी?"

"तीच तर माहीत नाही!"

"म्हणजे भर दिवसा, तुमची नसलेली साखळी कापून, तुमची नसलेली सायकल तुम्ही नेताय. याला काय म्हणतात, प्राध्यापक?"

"संशोधन," वुब्बो म्हणाला. यिस्काने त्याला कोपराने ढोसलं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत करड्या कोटातल्या एक बाई पुढे आल्या. हातात कॉफीचा कप होता. त्या लवकर येऊन, चुकामूक होऊन, वर बसल्या होत्या आणि आरडाओरड ऐकून खाली उतरल्या होत्या. यिस्काला डोळ्यांपुढे रबरी बूट दिसू लागले.

"ब्रांड्समाबाई! या, या," मेन्नोने घाईघाईने हात पुढे केला. "किरकोळ अडचण आहे. कुठल्यातरी अक्कलशून्य माणसाने आपली भंगार साखळी..."

बाईंनी कप त्याच्याच हातात दिला, कोटाच्या खिशातून किल्ली काढली, वाकल्या, आणि साखळी सोडवली.

"जागा नव्हती हो," त्या म्हणाल्या. "ही सायकल जरा दणकट दिसली. घाईत साखळी हिच्यातूनही गेली वाटतं."

ज्याला बोलायला हवं होतं, तो कप धरून उभा होता.

"पण बाई," यिस्काने विचारलं, आता गमावायला तसं काही उरलं नव्हतं, "तुम्ही तुमच्या कंपनीचं कुलूप का नाही वापरत?"

"वापरतेय की. हे आजोबांनी बनवलेलं." बाईंनी ग्राइंडरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. फारसं काही झालं नव्हतं.

"मग असली साखळी बनवायचं थांबवलंत कशाला?" वुब्बो जवळजवळ दुखावला होता.

"एकदा घेतली की माणूस दुकानाची पायरी पुन्हा चढायचा नाही. वडील हिच्यापायी बुडायला आले होते."

मेन्नोने घसा साफ केला आणि प्रात्यक्षिक पुन्हा दाखवतो म्हणाला. बाई म्हणाल्या, राहू दे, ऐकलं. मग त्या यिस्काला घेऊन वर गेल्या. बराच वेळ बोलणं चाललं. उघड्या खिडकीतून बिस्किटांचा डबा पुन्हा कपाटाबाहेर निघालेला दिसला, यावरून खाली उभ्या असलेल्यांनी काय ते ओळखलं.

पैसा मंजूर झाला. यिस्काच्या प्रबंधाचा विषय तेवढा थोडा बदलला. आजोबांची साखळी पुन्हा बाजारात येणार आहे आणि ती बरोबर सात वर्षांनी आपोआप तुटेल कशी, हे यिस्काने शोधून, प्रयोगाने सिद्ध करून द्यायचं आहे.

करार दोन वर्षांचा आहे.