आतून बंद, बाहेरून सताड

एका हाताने यशूची पाठ थोपटत मनाली दुसऱ्या हाताने राउटरच्या सेटिंगमध्ये शिरली होती. सात महिन्यांची यशू मांडीवर पालथी पडून आईच्या गाऊनची नाडी चघळत होती. मुलुंडच्या त्या छोट्या घरात अशी शांतता फार टिकत नाही, त्यामुळे जे काय करायचं ते पटकन करायला हवं होतं.

मनाली अंधेरीच्या एका स्टुडिओसाठी लग्नाचे अल्बम डिझाइन करायची. बाळंतपणाची सुट्टी संपत आली तसे मालक चंद्रप्रकाश म्हणाले होते, "घरून कर ना, माझं काय जातंय? पण अल्बमच्या फायली हेवी असतात आणि तुमच्या त्या लिंका अर्ध्यात मरतात. तू घरी सर्व्हर लाव, मी इथून खेचून घेतो. शुक्रवारपर्यंत जमलं तर झकास. नाहीतर सोमवारपासून ऑफिसला ये."

सोमवारपासून ऑफिस म्हणजे सोमवारपासून यशू दिवसभर आजी-आजोबांकडे. आणि समोर आई दिसली नाही तर ही छोटी बाई भाताच्या पेजेकडे ढुंकूनही बघत नाही.

म्हणून शुक्रवारी सकाळी कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हर लागला. राहिली राउटरची फायरवॉल. ती सोसायटीच्या वॉचमनसारखी असते, बाहेरून कोणीही आलं की परत पाठवते. तिला सांगून ठेवावं लागतं की अमुक नंबरच्या दारावर कोणी आलं तर त्याला आत सोड. मनालीने तसं सांगितलं. सरांना आपल्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता आणि पासवर्ड धाडला. 'मी एकदा चेक करून फोन करते,' असंही लिहिलं. मग फोनवर बडबडगीतं लावून तो यशूच्या ताब्यात दिला आणि शेजारच्या लॅपटॉपवर तोच पत्ता टाकून बघितला.

चक्र फिरलं, फिरलं आणि 'कनेक्शन झालं नाही' म्हणून थांबलं.

"पप्पा, तुम्ही वायरीला हात लावला का?"

"मी कशाला लावू?" सासरे खंडू पेपरामागून म्हणाले. "या घरात काही बिघडलं की पहिला संशय माझ्यावर."

"मागच्या वेळी तुम्हीच लावलेला," आतून सासूबाईंचा, म्हणजे नंदाबाईंचा आवाज आला.

मनालीने विचार केला, एक दार पुरत नसेल. तिने आणखी दहा उघडली. काही नाही. मग पन्नास. तरी चक्र आपलं फिरतंय. शेवटी तिने वॉचमनलाच रजा दिली, म्हणजे फायरवॉल अख्खी बंद केली. लॅपटॉप ढिम्म.

नंदाबाई ओले हात पुसत बाहेर आल्या. "अगं, रेंज येत नसेल. उंचावर धरून बघूया?"

"मम्मी, तसं नसतं ते."

"धरायला काय जातंय?" असं म्हणत त्यांनी राउटर उचलून डोक्यावर धरला आणि स्टुलावर चढल्या. वायर ताणली गेली, वायरीला अडकून फुलदाणी खाली आली, आणि यशूने आजीला इतक्या उंचावर पाहून हंबरडा फोडला. खंडूंनी पेपर टाकून नातीला उचललं. तेवढ्या गडबडीत मनालीने सासूबाईंच्या फोनवरून नवऱ्याला गाठलं.

"सम्यक, लागतच नाहीये रे. वाट लागली माझी."

"मीटिंगमध्ये आहे यार," सम्यक कुजबुजला. "फोल्डरची परमिशन असेल. आधी सगळं ओपन कर, मग एकेक बंद कर. ठेवतो."

मनालीने सगळं ओपन केलं. अल्बमच्या फोल्डरऐवजी कॉम्प्युटरमधला अख्खा साठा सर्व्हरवर मांडला. आता याहून जास्त उघडायचं म्हणजे घराची भिंत पाडावी लागली असती. तिने पुन्हा पत्ता टाकला. कनेक्शन झालं नाही.

मग मात्र तिचा धीर सुटला. यशू आजोबांच्या खांद्यावर डोकं टेकून उसासे टाकत होती. मनालीने तिची छोटी टाच तळहातात धरली. मग लाळेने बरबटलेला फोन ओढणीला पुसून स्पीकरवर टाकला.

"सर, मला नाही जमलं. मी सोमवारपासून येते."

"काय नाही जमलं?" चंद्रप्रकाश म्हणाले.

"सर्व्हर. सकाळपासून लागतच नाहीये."

"अगं, अल्बम तर सकाळीच आला. छापायलाही घेतला. तू चेक कुठून करतेस?"

"घरातूनच."

"घरच्याच वायफायवरून? त्याने नाही कळायचं. पुष्कळ राउटर आपल्याच घरातल्या माणसाला बाहेरच्या पत्त्याने आत घेत नाहीत. मोबाइलच्या डेटावरून बघ, लगेच लागेल. पण नंतर आणखी फोल्डर यायला लागले. 'यशू', 'यशू नवीन', 'यशू नवीन खरं'. मला वाटलं क्लायंटचेच असतील, म्हणून सगळे खेचले. आणि त्यातल्या व्हिडिओत ते बनियनवरचे आजोबा कोण गं? कोंबडा होऊन पेज भरवतात ते?"

खंडूंनी नातीच्या आड तोंड लपवलं.

"माझे सासरे," मनाली पुटपुटली.

"आमच्या छपाईवाल्या रतनने मशीन थांबवून तो व्हिडिओ चार वेळा लावला. आज इथे कोणी काम केलेलं नाही. हे बघ, तू घरूनच कर. तू इथे आलीस तर रोज नवीन दाखवशील, मग माझा धंदा बसला. आणि ते सगळं बंद कर आधी. एक अल्बमचा फोल्डर ठेव."

फोन ठेवून मनालीने यशूचे इतके पापे घेतले की ती वैतागली. मग ती दारं लावायला बसली. एकेक करून सगळी लावली, वॉचमनला कामावर बोलावलं, आणि या खेपेला मोबाइलच्या डेटावरून तपासून घेतलं.

मान वर केली तर समोर खंडू उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, केसांना तेल. एका हातात पेजेची वाटी.

"तो व्हिडिओ परत काढ," ते म्हणाले. "त्यातल्या बनियनला भोक होतं."

मनालीने हसू दाबत फोन धरला. खंडूंनी घसा साफ करून बांग दिली. यशूने त्या कडक माणसाकडे नीट पाहिलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि आईच्या कुशीत तोंड लपवलं.

"ओळखलं नाही तिने तुम्हाला," नंदाबाई म्हणाल्या. "काढा तो शर्ट."