खालील पदार्थ खाऊ नये

कर्करोग शरीरातून गेला की शरीराचा ताबा नातेवाइकांकडे जातो, हे सर्वमान्य आहे.

प्रूफवाले काका (छापखान्यात चौतीस वर्षे चुका काढल्या, पण माणूस गरीब) बरे होऊन घरी आले, त्याच आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघरात आहार समिती स्थापन झाली. अध्यक्ष साडू, सदस्य अकरा. पात्रता: जीभ असणे.

डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, "काहीही खा, पण पोटभर खा. वजन पन्नासच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल."

"काहीही!" साडू म्हणाले. "या डॉक्टर लोकांचं ना, काहीही असतं!" हाच पहिला ठराव. एकमताने मंजूर.

मग काम शिस्तीत सुरू झाले. साखर रोगाला पोसते म्हणून गेली. अंडे उष्ण म्हणून, पाव फुगतो म्हणून, बटाटा जमिनीखाली काय करतो ते कळत नाही म्हणून. टोमॅटो लाल म्हणून (लाल का नको, हे उपसमितीकडे आहे). तीन महिन्यांत चौसष्टपैकी एकसष्ट पदार्थ बाद झाले, दोन विचाराधीन राहिले, आणि कोबीचे कोमट पाणी मंजूर झाले.

काका एक्कावन्न किलोंवर आले. नळीच्या नुसत्या विचाराने त्यांच्या पोटात गोळा यायचा. त्या महिन्यात पोटात आलेली भरीव वस्तू तेवढीच.

"चेहऱ्यावर काय तेज आलंय!" साडू म्हणाले, आणि त्यांनी छापील यादी फ्रिजवर चिकटवली: 'खालील पदार्थ खाऊ नये.'

काकांचा जीव कळवळला. भुकेने नव्हे. पदार्थ अनेकवचनी, 'नयेत' हवे! चूक तर होतीच. दुरुस्ती कोणत्या बाजूने करायची, एवढाच प्रश्न होता. त्यांनी लाल पेन काढले, 'न' उडवला, 'ये'ची मात्रा खोडून काना दिला.

'खालील पदार्थ खाऊ या.'

"अगं, समितीचा सुधारित आदेश आलाय."

काकूंनी चष्मा लावला. लाल शाई त्या चांगल्या ओळखत होत्या. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "कुठून सुरू करू?"

"एक नंबरपासून. समितीचा मान राहिला पाहिजे."

काकूंनी साखरेचा डबा उघडला.

पुढच्या तपासणीत वजन चौपन्न भरले. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. काकांना तर रडूच आले. साडूंनी सगळ्यांना फोन करून कळवले, "बघा, याला म्हणतात पथ्याचा गुण!"

समितीत आता बारावी जागा भरायची आहे. वर साखरेपाशी आपण मनातल्या मनात "ते मात्र खरं हं" म्हणालात, त्याची नोंद घेतली आहे. खुर्ची येताना घेऊन यावी.