समावेशन दिसलं पाहिजे

प्रत्येक छात्राध्यापिकेने आपल्या सराव पाठात किमान एका विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्याला सामावून घ्यावे, आणि ते सामावून घेणे मागच्या भिंतीपाशी बसलेल्या निरीक्षकांना स्पष्ट दिसावे, असा आदेश अध्यापक महाविद्यालयाने काढला. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. वावगं वाटायला आदेश वाचावा लागतो, आणि छात्राध्यापिकांना वेळ नव्हता. सगळ्या जणी पुठ्ठे कापत बसल्या होत्या.

अडचण एवढीच झाली, की सराव पाठांसाठी मिळालेल्या शाळेत असं मूल एकच निघालं. सातवी ‘ब’मधली एक मुलगी, कानामागे श्रवणयंत्र लावणारी. बाकीची मुलंही नीट निरखून पाहण्यात आली, पण ती सगळी अत्यंत निराशाजनक धडधाकट होती.

गणिताच्या छात्राध्यापिकेला सातवी ‘ब’च मिळाली, तेव्हा तिच्या मैत्रिणींनी नशीबवान म्हणून तिचा हेवा केला. पहिल्या दिवशी ती अपूर्णांकांचे रंगीत गोल काखेत मारून वर्गात शिरली. मधल्या बाकावरची एक जागा रिकामी होती.

“इथं कोण बसतं?” तिने विचारलं.

“मंत्रीणबाई,” शेजारची मैत्रीण म्हणाली. “ती नववीत गेलीय, ताई.”

“नववीत? ती सातवीतली ना?”

“हो. पण तिथं तिला सामावून घेताहेत.”

चौकशीअंती असं कळलं, की मुलीला मागणी फार असल्यामुळे मुख्याध्यापकांनी तिचं वेळापत्रकच आखून दिलं होतं. पहिल्या तासाला पाचवीत इतिहास, दुसऱ्याला नववीत विज्ञान, तिसऱ्याला सहावीत भूगोल. “आमच्या शाळेत समावेशनाला खंड नाही,” मुख्याध्यापक अभिमानाने म्हणाले. “तुम्हाला ती हवी असेल तर आधी सांगून ठेवा. आयत्या वेळी मिळायची नाही.”

“पण सर, ती माझ्याच वर्गातली आहे.”

“असेल. म्हणून काय तिने एकाच वर्गात बसून राहायचं? मग बाकीच्या वर्गांनी कुणाला सामावून घ्यायचं?”

छात्राध्यापिकेने रंगीत गोल पुन्हा काखेत मारले. ती बाहेर आली तो व्हरांड्यात मुलगीच भेटली, नववीकडून सहावीकडे निघालेली. हातात कागदी फुलं होती.

“ताई, तुमचं काय असतं?” मुलीने कामकाजी सुरात विचारलं. “फूल, टाळ्या की हात धरून नेणं?”

“म्हणजे?”

“इतिहासवाल्या ताई फूल देतात. विज्ञानवाल्या ताई सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावतात. भूगोलवाल्या ताई हात धरून फळ्यापर्यंत नेतात. माझ्या पायांना काही झालेलं नाही असं मी त्यांना सांगते, पण त्यांना ऐकूच येत नाही.”

टाळ्यांची ही बातमी शाळाभर झाली आणि मुलांच्या प्रकृतीवर तिचा परिणाम दिसू लागला. सहावीतल्या एकाने गुडघ्याला फडकं बांधलं. दुसरा कानात कापूस घालून आला आणि कुणी काही विचारलं की “आँ?” करू लागला. एका गुटगुटीत मुलाने तर आपल्याला तासातासाला भूक लागते, ही आपली विशेष गरज आहे, असं जाहीर केलं. भूगोलवाल्या ताईंनी त्याला भर पाठात बिस्किटांचा पुडा देऊन सामावून घेतलं. निरीक्षकांनी मान डोलावली.

इकडे चाचणी परीक्षेत मंत्रीणबाई अपूर्णांकांत नापास झाल्या. वर्गशिक्षिकेने तिच्या आईला बोलावून घेतलं. आई धुलाई केंद्रात इस्त्रीचं काम करायची. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती आली.

“मुलगी मागे पडतेय,” वर्गशिक्षिका गंभीरपणे म्हणाल्या. “असंच चाललं तर तिला खालच्या वर्गात बसवावं लागेल.”

“अहो बाई, पण ती तिच्या वर्गात असते कुठं? रोज फुलं घेऊन घरी येते. मला वाटलं, बागकाम शिकवताय.”

“तेच म्हणतेय मी. ती वर्गात नसते, म्हणून मागे पडते. मागे पडते, म्हणजे तिला समावेशनाची जास्त गरज आहे. उद्यापासून खेळाच्या तासालाही तिला सामावून घेऊ.”

हे सगळं छात्राध्यापिका बाजूच्या टेबलाशी बसून ऐकत होती. शाळा सुटल्यावर तिने मुलीला फाटकापाशी गाठलं आणि आदेशात कुठेही न लिहिलेली एक गोष्ट केली. तिने मुलीलाच विचारलं, “तुला नेमकं काय हवंय गं?”

मुलीने आधी मागे वळून पाहिलं. प्रश्न आपल्यालाच आहे याची खात्री झाल्यावर ती म्हणाली, “वर्गातला पंखा बंद करा. तो इतका खडखडतो, की आधी तो ऐकू येतो आणि मग तुम्ही. आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका. फळ्याला सगळं आधीच येतं.”

“एवढंच?”

“आणि मला माझ्या मैत्रिणीपाशी बसू द्या. पहिल्या बाकावर बसून मान दुखते.”

पाठाच्या दिवशी छात्राध्यापिकेने मुख्याध्यापकांकडे रीतसर मागणी नोंदवून मुलगी मिळवली. पंखा बंद केला. निरीक्षक मागे येऊन बसले. मुलांनी कागदाच्या घड्या घालून अपूर्णांक केले. मुलीने तीन-चतुर्थांशाऐवजी भलताच तुकडा फाडला, त्यावरून तिचं मैत्रिणीशी भांडण जुंपलं, वर्ग हसला, तीही हसली, आणि मग उत्तर बरोबर आलं. ते इतर पुष्कळांचंही आलं होतं, त्यामुळे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आपला पाठ इतका रंगलाय याचं छात्राध्यापिकेलाच नवल वाटलं.

पाठ संपल्यावर निरीक्षक घाम पुसत पुढे आले. “पाठ ठीक. पण समावेशन कुठं होतं?”

“सर, ती मुलगी वर्गातच होती.”

“कोणती?”

“मधल्या बाकावरची. जिचं आधी चुकलं आणि मग बरोबर आलं.”

“ती?” निरीक्षकांना धक्काच बसला. “ती तर चारचौघींसारखीच वाटत होती!”

“हो सर,” छात्राध्यापिकेचा चेहरा उजळला.

“मग तिला सामावून घेतलं, असं मी कशावरून म्हणू? ती आधीपासून आत असल्यासारखीच बसली होती. समावेशन दिसलं पाहिजे, बाई. शिवाय पंखा बंद. उकडून माझा जीव गेला. खरं सांगायचं तर, या वर्गात मलाच वगळल्यासारखं वाटलं.” त्यांनी पाठ नापास केला आणि उद्या पुन्हा घ्यायला सांगितला.

छात्राध्यापिका जिन्यात बसून रडली. तिला शोधत मुलगी आली आणि शेजारी बसली.

“पुन्हा नापास झालात तर?”

“वर्ष जाईल माझं.”

मुलीने थोडा विचार केला. “मग रीतसर करू या. फूल ठेवा, टाळ्या ठेवा. फळ्यापाशी येताना मी जरा अडखळू का?”

“छे गं! भलतंच काय?”

“भूगोलवाल्या ताईंना त्याचेच गुण मिळाले. तुम्ही नवीन आहात, तुम्हाला माहीत नाही. पण पाठ झाला की उरलेले अपूर्णांक शिकवायचे. नीट. कबूल?”

“कबूल,” छात्राध्यापिका नाक पुसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पंखा भरधाव सोडला होता. छात्राध्यापिका फळ्याकडे तोंड करून काहीतरी बोलली. ते मुलीला ऐकू आलं नाही, आणि ऐकू यावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. खूण होताच ती उठली, अडखळली, सावरली. छात्राध्यापिकेने धावत जाऊन तिचा हात धरला. मुलीने एकात एक मिळवून दोन करून दाखवले. टाळ्यांचा कडकडाट झाला. गुटगुटीत मुलगा बिस्किटांच्या आशेने सहावीतून उठून आला होता; त्याने सर्वांत जास्त वाजवल्या. निरीक्षकांना हुंदका आवरेना. त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि सगळ्या वर्गाला उन्हात उभं करून फोटो काढला. छात्राध्यापिकेने शब्द पाळला. त्यानंतर रोज मधल्या सुटीत चिंचोळ्या प्रयोगशाळेत अपूर्णांक चालले, आणि मुलगी वरच्या वर्गात गेली.

तो फोटो मोठा करून महाविद्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लावलाय. सगळी मुलं डोळे बारीक करून हसताहेत. फोटोच्या वेळी वारा सुटला आणि मुलीचे केस नेमके कानावर आले, त्यामुळे ती त्या घोळक्यात मिसळून गेली होती. पाहुण्यांची गैरसोय होऊ लागली, तेव्हा महाविद्यालयाने तिच्या डोक्यावर एक ठळक लाल बाण रंगवून घेतला. बाणाखाली लिहिलंय, ‘इतरांसारखीच.’

महाविद्यालयाला उगाच हसू नका. बाण नसता, तर त्या फोटोपुढे उभं राहून तुम्हीच पहिल्यांदा विचारलं असतं, “यातली ती कोणती हो?”