आकृती क्रमांक सात

साहेब, तुम्ही चोर आहात. संयोगिताच्या गोळाफेकीतले सव्वादोन मीटर तुम्ही चोरलेत, तेही रीतसर, जावक क्रमांक टाकून.

विट्याजवळच्या मळ्यातली ही एकोणीस वर्षांची पोर चार किलोचा गोळा तेरा मीटर फेकायची. शिकवायला चुलता मानसिंग, फौजेतला निवृत्त हवालदार. राज्य संघाची पात्रता साडेबारा मीटर. म्हणजे जागा पक्की. फक्त तुमच्या 'खेळाडू देहप्रतिमा उन्नती कक्षा'चा एक अर्ज तेवढा भरायचा राहिला होता.

अर्जावर नऊ बायकांच्या आकृत्या. पहिली उसाच्या वाढ्यासारखी, नववी कणगीसारखी. खाली दोन रकाने : 'मी अशी आहे' आणि 'मला असे व्हायचे आहे'. घरात होता तो दाढीचा आरसा, त्यात एका वेळी एक गाल मावायचा. म्हणून संयोगिता विट्यातल्या साडीच्या दुकानात जाऊन मोठ्या आरशापुढं उभी राहिली. दंड बघितले, मांड्या बघितल्या. गोळा इथनं निघतो तर, म्हणून खूश झाली आणि दोन्ही रकान्यांत सात लिहून मोकळी झाली.

तिसऱ्या दिवशी अर्ज परत. शेरा : 'अपूर्ण. असमाधान नमूद नाही.'

कक्षातले लिपिक अवधूत सभ्य माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं की, खेळाडूला स्वतःच्या शरीराबद्दल समाधान मिळवून देणं हेच कक्षाचं उद्दिष्ट. जी मुळातच समाधानी, तिला ते द्यायचं कसं? शिवाय संगणक दोन्हीकडे एकच आकडा घेत नाही.

"आवं सायेब, मी हाय तशीच मला पायजे," संयोगिता म्हणाली.

"असं सगळ्याच म्हणायला लागल्या तर कक्ष बंद पडेल, ताई."

मानसिंगला हुकमाची सवय. तो म्हणाला, "कागदच हाय गं, टाक चार. गोळा काय कागद वाचतोय व्हय?"

तिनं दुसऱ्या रकान्यात चार टाकला आणि फसली. कारण सात आणि चारमध्ये फरक तीनचा, आणि परिशिष्ट 'ब'प्रमाणे दोनच्या वर फरक असलेल्या खेळाडूला पाचगणीचं समाधान शिबिर सक्तीचं. पंचेचाळीस दिवस.

तिथं सकाळी काकडी, दुपारी मोजून पाच स्ट्रॉबेऱ्या, संध्याकाळी आरशापुढं उभं राहून 'मी मला आवडते' असं पंचवीस वेळा. गोळ्याला हात लावायची बंदी, कारण गोळ्यानं दंड वाढतात. शेवटच्या दिवशी ती बरोबर आकृती क्रमांक चार झाली. कक्षानं पेढे वाटले. तिला वगळून.

घरी आल्यावर मानसिंगनं गोळा तिच्या तळव्यावर ठेवला. मनगट मागं कललं. त्यानं गोळा काढून घेतला आणि कितीतरी वेळ तो नुसताच पुसत बसला.

निवड चाचणीत गोळा गेला दहा मीटर पंच्याहत्तर. संघातून नाव कमी झालं. कारण : 'शारीरिक क्षमतेचा अभाव'.

मग शिबिरोत्तर अर्ज आला. त्याच आकृत्या, तेच दोन रकाने. संयोगितानं पहिल्यात लिहिलं चार, दुसऱ्यात सात. अवधूत कळवळले. या अर्जात दोन्हीकडे एकच आकडा बंधनकारक होता.

"ताई, आता तरी समाधानी व्हा. अहवाल वर गेलाय."

"मग माझा गोळाबी परत तेरा मीटरवर न्या," ती म्हणाली.

अवधूतनी सातवर पांढरी शाई लावली, फुंकर मारून वाळवली आणि वर चार लिहिला. संयोगिता समाधानी झाली.

आता मैदानाच्या फाटकावर तिचा पंधरा फुटी फलक आहे. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. गोळ्याचा उल्लेख कुठंच नाही. सकाळी फिरायला येणारी माणसं तिथं थांबतात, पोट आत ओढतात, फोटो काढून गटात टाकतात. खाली अंगठ्यांची रांग लागते. त्यात एक अंगठा तुमचाही आहे, वाचकहो. गोळा किती लांब गेला, हे तुमच्यातल्या एकानंही विचारलं नाही.

साहेब, सव्वादोन मीटर कधी परत करताय, ते लेखी कळवा. आणि पोट आत ओढून उभे असलेले तुम्ही, श्वास सोडा आणि सांगा : तुमच्या दुसऱ्या रकान्यातला आकडा कुणाच्या अक्षरात आहे?