कानाचा क

त्या बैठकीत मी कानडीत उत्तर द्यायचं ठरवलं, एवढाच माझा गुन्हा. मराठीत दिलं असतं तरी चाललं असतं. आमचा भालकी तालुका कर्नाटकात असला तरी तिथे साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना मराठी कळतं. पण त्या दिवशीचे साहेब थेट बेंगळूरहून आले होते, आणि मी नुकताच खात्याची कानडीची परीक्षा पास झालो होतो (कितव्या खेपेला ते विचारू नका). पास झालेल्या माणसाला ते कुठेतरी दाखवल्याशिवाय चैन पडत नाही.

थोडं मागचं सांगायला हवं. मी पिराजी, ब्लॉक ऑफिसात क्लार्क, राहायला तालुक्यातल्याच मेहकर गावात. आमच्या घराच्या पडवीत सरकारने बायकांसाठी प्रौढ शिक्षण केंद्र दिलं होतं. कागदावर शिक्षक मी. शिकवायची मात्र माझी बायको, विमल. ती सातवी, मी मॅट्रिक, तरी बायका मला कधी काही विचारत नसत. दुपारी निंदणी-खुरपणी आटोपून त्या यायच्या आणि मी ऑफिसातून परतेपर्यंत चार अक्षरं घेऊन निघून जायच्या. मी फक्त अहवाल लिहायचो. अहवाल मात्र मी फार चांगले लिहायचो.

मग विमलला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण जाताना तिचे कान घेऊन गेला. अगदी सगळे नाही. जवळ जाऊन मोठ्याने बोललं तर थोडं पोचायचं, बाकीचं ती ओठांवरून ओळखायची. बिदरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "उरलंय तेही हळूहळू जाणार. यंत्र बसवलं तर आहे तोवर तरी ऐकतील. पण लवकर बसवा." यंत्र माझ्या पगारात बसणारं नव्हतं.

विमलने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. "यंत्र लावल्यावर सत्यभामाबाईचं वाचन ऐकू येईल का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सत्यभामाबाई ही आमची शेजारीण, नातसुना आलेली बाई. 'क' काढायला शिकवताना विमलने तिचा हात धरून धरून पाटी झिजवली होती. बाकीच्या बायका पुढे गेल्या, ही आपली जागच्या जागी. आणि विमल तापाने पडली त्याच आठवड्यात सत्यभामाबाईला वाचता यायला लागलं. विमल उठून बसली तेव्हा म्हातारी पुस्तक घेऊन आली आणि सबंध पान वाचून दाखवलं. विमलला नुसते ओठ हलताना दिसले. त्या दिवशी ती जेवली नाही. माझी बायको सहसा जेवण सोडत नाही, म्हणून मला ते फार लागलं.

साल एक्क्याऐंशी होतं. सगळं जग अपंग वर्ष पाळत होतं आणि आमचं खातंही मागे नव्हतं. बेंगळूरचे साहेब बैठकीत म्हणाले, "प्रौढ शिक्षणात नवी यंत्रं आणायला सरकारने पैसा दिलाय. तुमच्या केंद्रांत कुणी अपंग असेल तर सांगा, त्यांच्या गरजेप्रमाणे साहित्य मिळेल." मी ताडकन उठलो.

आता इथे दोन कानडी शब्द सांगतो. बहिरा म्हणजे किवुडु. आंधळा म्हणजे कुरुडु. परीक्षेसाठी पाठ करताना मी बहिऱ्याची खूण ठेवली होती, कानाचा क. दोन्ही शब्द क पासूनच सुरू होतात हे परीक्षेत कुणी विचारलं नाही आणि माझ्याही ध्यानात आलं नाही.

"नन्न हेंडति कुरुडि, सर," मी छाती काढून म्हणालो. नन्न हेंडति म्हणजे माझी बायको.

साहेबांचा चेहरा उतरला. (पुढचं सगळं कानडीतच झालं. तुम्हाला मराठीत सांगतो.)

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले सर. तापात गेलं."

"मग घरात स्वयंपाक वगैरे?"

"तीच करते. वर केंद्रही तीच चालवते."

"चालवते म्हणजे? वाचायला शिकवते?"

"फळ्यावर लिहून शिकवते सर. अक्षर सुरेख आहे. बायकांच्या पाटीवरची चूक लांबून पकडते."

"लांबून?"

"होय सर. नुसती हाक मारून उपयोग नाही. पण लांबून हात हलवला की लगेच येते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. अशी बाई मी उभ्या नोकरीत पाहिली नाही, असं ते सगळ्या सभेला म्हणाले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. आमचे पर्यवेक्षक गुरुपादय्या तेवढ्यात चहाचं बघायला बाहेर गेले नसते, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

काही आठवड्यांनी गुरुपादय्या माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हा मनुष्य कानडी घरातला, पण आमच्याशी आमच्यासारखंच बोलायचा.

"काय अप्पा पिराजी, बाईंला कवापासून दिसंना झालंय?"

"कुणाला?"

"तुझ्या घरच्या बाईंला. काल तर मला बसच्या खिडकीत बघून हात केल्या की त्या."

"तिला दिसतंय की साहेब."

"दिसतंय? मग बेंगळूरहून हे कामून आलंय?" त्यांनी हातातलं पत्र वाचून दाखवलं. आदर्श अंध शिक्षिका म्हणून श्रीमती विमलबाई यांना एक टेपरेकॉर्डर, कानडी पाठांच्या कॅसेटी, ब्रेलची पाटी, पांढरी काठी आणि काळा चष्मा. जाहीर समारंभात, साहेबांच्या हस्ते.

"आणि कानाचं यंत्र?" मी विचारलं.

"ते बहिऱ्यांला," गुरुपादय्या म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. तोडही त्यांनीच काढली. आता खरं सांगितलं तर साहेबांचं नाक कापलं जाणार आणि तालुक्याला पुन्हा काही मिळणार नाही. तेव्हा एवढा समारंभ निभावून न्यायचा, सामान घ्यायचं आणि मागाहून बिदरला जाऊन गुपचूप यंत्राशी बदलून आणायचं. बिदरच्या ऑफिसात त्यांचा साडू होता.

घरी विमलला सांगायला मला फार वेळ लागला. एक तर तिला ओठ दिसावेत म्हणून हळूहळू बोलावं लागे, आणि दुसरं म्हणजे मी मान खाली घातली होती. तिने हनुवटीला धरून मान वर केली.

"कामून बोललात कानडीत?"

"साहेब कानडी होते."

"अन् तुमी?"

ती आधी हसली. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली आणि मग पदर खाली घेतला. "मिळंल ना पण यंत्र?" तिने विचारलं. मी मिळेल म्हणालो. "मग होते आंधळी एक दिवस," ती म्हणाली. "सत्यभामाबाईला सांगून ठेवते, पुस्तक इसरू नका म्हणून."

समारंभाच्या सकाळी मी तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. गुरुपादय्यांनी तो हुमनाबादच्या बाजारातून खास आणला होता, वेल्डिंग करणारे लावतात तसला. त्यातून सूर्यसुद्धा दिसला नसता. मी बाहेरूनच पाहिला होता. विमल चष्म्यासकट जागच्या जागी उभी राहिली आणि तिने माझा हात घट्ट धरला.

"माझं कान आता डोळ्यांतच हाईत," ती म्हणाली. "तेच झाकायलात तुमी."

मी म्हणालो, थोडाच वेळ. अर्थात तिला ते ऐकू आलं नाही आणि दिसलंही नाही. मग मी तिच्या हातावर नुसतं थोपटलं. त्या दिवशी बसमध्ये ती सबंध रस्ताभर माझा हात धरून होती. इतकी वर्षं संसार करून तिला मी अशी घाबरलेली कधी पाहिली नव्हती, आणि घाबरवणारा मीच होतो.

मांडवात गर्दी झाली होती. मी तिला धरून स्टेजवर नेलं आणि खाली येऊन पहिल्या रांगेत बसलो. (कुटुंबीयांनी खाली बसावं असा नियम होता. नियम मी नेहमी पाळतो.) साहेबांनी तिच्या पुढ्यात टेपरेकॉर्डर ठेवला आणि बटण दाबलं. आतली बाई गोड आवाजात कानडी पाठ म्हणू लागली. सगळा मांडव विमलच्या चेहऱ्यावर आनंद कधी उमटतो ते बघत होता. विमल भलत्याच दिशेला तोंड करून उभी.

साहेबांनी आवाज वाढवला. काही नाही. आणखी वाढवला. मांडवामागची कुत्री उठून गेली.

"यांना आवडलं नाही का?" साहेबांनी मला वरून विचारलं.

"आवडलं सर. ती आतल्या आत खूश होते."

साहेबांना ते पटलं नसावं. ते प्रेमाने तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "अक्का, हेगिदे?" म्हणजे कसं वाटतंय. विमलला शब्द ऐकू गेले नाहीत, पण मिट्ट काळोखात कुणाचा तरी श्वास कानाला लागला. ती दचकून मागे सरली. मागे स्टेज संपत होतं.

ती पडली त्याचा आवाज मला अजून येतो. तिला नाही आला, एवढंच त्यातल्या त्यात बरं. उजव्या हातावर पडली. मी धावलो तोवर तिची ती उठून बसली होती. चष्मा उडून साहेबांच्या बुटाजवळ पडला होता. तेही धावत खाली आले होते. विमलने सगळीकडे एकदा नीट पाहून घेतलं, मग डाव्या हाताने तो चष्मा उचलला, पदराने पुसला आणि साहेबांपुढे धरला.

"घ्या सायेब. पायाखाली येईल तुमच्या."

साहेबांनी चष्म्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "यांना दिसतं?"

"दिसतं सर," मी कानडीतच म्हणालो. "ती कुरुडि नाही सर, ती…" आणि तो दुसरा शब्द काही केल्या आठवेना. मी आपल्या कानाला हात लावून दाखवला. साहेबांना वाटलं मी माफी मागतोय, चूक झाली म्हणून कान धरतोय. तेही काही खोटं नव्हतं.

"तुम्ही यापुढे कानडी बोलू नका," साहेब म्हणाले. हुकूमच होता तो.

टेपरेकॉर्डर परत गेला. पाटी, काठीही गेली. बदलून घ्यायला हातात काही उरलंच नाही. बेंगळूरच्या दफ्तरी मेहकर केंद्रात अपंग कुणी नाही अशी नोंद झाली, आणि जी बाई अपंग नाही तिला कानाचं यंत्र कसं द्यायचं, असं गुरुपादय्यांचा साडूच म्हणू लागला. गुरुपादय्या माणूस भला. बिदरला खेटे घालत राहिले. त्या वर्षीचा पैसा संपला, पुढच्या वर्षीचा आला नाही, त्याच्या पुढच्या वर्षी यादी नव्याने सुरू झाली.

इकडे विमलचं मोडलेलं मनगट वाकडं बसलं. फळ्यावर ती डाव्या हाताने लिहायला शिकली. कानातलं उरलंसुरलं मात्र थोडं थोडं गळत गेलं. आधी बसचा हॉर्न गेला, मग भांडं पडलेलं गेलं, मग मी गेलो. मी कानाशी तोंड नेऊन ओरडलो तरी ती म्हणायची, "नुसतं वारं लागायलंय." दुपारी सत्यभामाबाई वाचायची, विमल तिच्या ओठांवर नजर ठेवून बसायची आणि पान संपलं की "बरोबर" म्हणायची.

आणि एके दिवशी यंत्र आलं. छातीवर अडकवायची डबी, तिला वायर, वायरीला कानात घालायचं बोंड. गुरुपादय्यांनी स्वतः आणून दिलं, चहासुद्धा न घेता गेले. विमलने नवं लुगडं नेसून ते लावलं. सत्यभामाबाईने पुस्तक उघडलं, घसा खाकरला आणि एका दमात सबंध पान वाचलं. चांगलं वाचलं. मी विमलकडे पाहत होतो.

"जरा खरखर येतंय," विमल म्हणाली. मग कानातलं बोंड काढून तिने सगळं माझ्या हातात दिलं. "यंत्रच बिघडलं असंल. बघा जरा."

माझ्या जिवात जीव आला. सरकारी वस्तू, बिघडलेलीच यायची. बिघडली असेल तर दुरुस्त करता येते. मी ओट्यावर जाऊन बसलो, बोंड कानात घातलं आणि बटण फिरवलं.

यंत्र उत्तम चालत होतं. परसातल्या कोंबड्या माझ्या डोक्यात आल्या. शेजारच्या रहाटाची कुरकुर आली. मी तसाच बसून राहिलो. बोंड काढायचंही सुचलं नाही. तेवढ्यात पडवीतून विमलचा आवाज आला. ती सत्यभामाबाईशी कुजबुजत होती. (कुजबुजतेय असं तिला वाटत होतं. ऐकू येत नसल्याने आपला आवाज केवढा आहे याचा तिला अंदाज उरला नव्हता. यंत्र नसतं तरी ते मारुतीच्या पारापर्यंत गेलं असतं.)

"काईच येत न्हाई वो बाई. यंत्र चांगलं हाय, माझाच कान संपलाय. पण त्येंला सांगू नका. यंत्रच खराब हाय म्हणा. न्हाईतर बसतील रडत. त्येंचं रडणं मला ऐकू येत न्हाई, पण बघावं लागतंय. अन् रडताना लई वंगाळ दिसतेत."

मी रांजणातलं पाणी घेऊन तोंड धुतलं. धोतराने पुसलं, पुन्हा धुतलं. मग आत जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो आणि ओठ नीट हलवत म्हणालो, "यंत्रच खराब आहे. बिदरला परत पाठवतो."

"व्हय?" विमल म्हणाली. तिने माझ्या तोंडाकडे एकदा निरखून पाहिलं, आणि सत्यभामाबाईकडे वळून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं कुजबुजली, "बघा. म्हणलं नव्हतं?"