शेवंती या नावाची पडताळणी

ठाण्याजवळ दिवा इथे राहणाऱ्या प्रणित आणि वर्षाली नाखवा या दांपत्यास मुलगी झाली आणि तिचे नाव शेवंती ठेवण्यात आले. यात काही नियमबाह्य आहे, हे त्या दोघांना अडतीस दिवस माहीत नव्हते.

शेवंती हे प्रणितच्या आजीचे नाव. खाडीकाठच्या गावातून रोज पाटी घेऊन निघून तिने चाळीस वर्षे मासळी विकली आणि आईवेगळ्या प्रणितला वाढवले. ती गेली आणि चार महिन्यांनी ही मुलगी झाली. वर्षालीच्या माहेरी सान्वी या नावावर एकमत झाले होते. घरात आधीच दोन सान्वी असल्यामुळे हाक मारायचा सराव होता. पण वर्षाली म्हणाली, "आजी असत्या तर मला बाळंतिणीचं मुशीचं कालवण मिळालं असतं. निदान नाव तरी त्यांचं राहू दे."

अडतिसाव्या दिवशी दोघे जन्मनोंदणीच्या कार्यालयात गेले. तिथे सरोज मॅडम नव्या नामपडताळणी प्रणालीसमोर बसल्या होत्या.

"तीन रकाने आहेत," मॅडम म्हणाल्या. "अर्थ, इतिहास, लोकप्रियता. अर्थ सांगा."

"शेवंतीचं फूल असतं ना मॅडम."

"फूल ही वस्तू झाली. प्रणालीला गुण लागतो. तेजस्वी, शांत, विष्णूला प्रिय, असं काही."

"तुमच्या नावाचा अर्थ काय हो मॅडम?" वर्षालीने विचारले.

"कमळ." मॅडमनी चष्मा पुसला. "पण माझं नाव प्रणालीच्या आधीचं आहे."

शेवटी 'शांत फूल' असे लिहून तो रकाना निकाली काढण्यात आला. इतिहासासाठी हे नाव पूर्वी कोणी वापरल्याचा पुरावा हवा होता. प्रणितने आजीची कागदपत्रे पुढे केली. रेशनकार्डावर ती सेवंती होती, आधारवर शेवंता आणि मृत्यूच्या दाखल्यावर शेवंतीबाई. ही तिन्ही नावे वेगवेगळ्या कार्यालयांनी आपापल्या सोयीने लिहिली होती. मॅडमनी कागद बारकाईने पाहून निष्कर्ष काढला की या तीन वेगवेगळ्या महिला असून त्यांपैकी तिसरी मयत आहे. सबब उरलेल्या दोघींना समक्ष हजर करावे.

प्रणितने तिन्ही कागद एकावर एक ठेवले. "आणल्या असत्या मॅडम," तो म्हणाला. "पाच महिने मीच शोधतोय."

मॅडमनी इतिहासाच्या रकान्यात 'आहे' असे लिहिले आणि मान वर न करता पुढचा रकाना उघडला.

"लोकप्रियता शून्य. प्रभागात दहा वर्षांत एकही शेवंती नाही. जे नाव कोणी ठेवत नाही, ते ठेवता येत नाही."

"मग कोणी ठेवायचं कसं?"

"दुसऱ्याने आधी ठेवलं, की तुम्ही ठेवा. नाहीतर याच नावाच्या पाच हयात व्यक्ती आणा. आणि साठ दिवस उलटले की प्रणाली सर्वात लोकप्रिय नाव आपोआप लावते."

"सर्वात लोकप्रिय कोणतं?"

"सान्वी."

उरलेले दिवस दोघांनी शेवंत्या शोधण्यात घालवले. माजिवड्याच्या एका टॉवरमध्ये सोळाव्या मजल्यावर एक असल्याचे कळले. सुनेने दार अर्धेच उघडले. "मम्मींना इथे सगळे शिवानी म्हणतात," ती म्हणाली. "शेवंती वगैरे नको प्लीज. सोसायटीत कसं वाटतं ते." आत सोफ्यावरच्या म्हातारीने ते नाव ऐकून चटकन मान वळवली, पण तोवर दार लागले होते.

कल्याणला मात्र तिघी सापडल्या. त्यांतली एक बत्तीस वर्षांनी कोणी पूर्ण नावाने हाक मारली म्हणून आधी घाबरली. चौथी डोंबिवलीला निवृत्त शिक्षिका निघाली. पाचवी प्रणितच्याच गावात ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती.

"माजा नाव पोरीला ठेवतंस?" ती म्हणाली. "बरा केलंस. पन मना सही येत नाय, आंगठा हाय."

एकोणसाठाव्या दिवशी पाच शेवंत्या कार्यालयात ओळीने बसल्या. मासळी कापून झिजलेला अंगठा यंत्राने सहा वेळा नाकारला आणि सातव्यांदा कंटाळून घेतला. पाचही नोंदी झाल्या. मग पडद्यावर लाल चौकट आली. शेवंती या नावाची लोकप्रियता एका दिवसात शून्यावरून पाचवर गेली असून ही वाढ संशयास्पद आहे. चौकशीसाठी हे नाव सहा महिने गोठवण्यात येत आहे.

पाचही म्हाताऱ्या एकाच वेळी मॅडमकडे पाहू लागल्या. एवढ्या शेवंत्यांची नजर झेलायचे प्रशिक्षण मॅडमना मिळालेले नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला.

"नवनाम प्रवर्गातून घेऊया. जे नाव आजवर कोणाचंच नव्हतं, त्याला अर्थ, इतिहास, काही लागत नाही." त्यांनी टाइप केले, 'शेव्हांती'. दीड मिनिटात मंजुरी आली. अर्थाचा रकाना प्रणालीने स्वतःहून भरला: 'चंद्राचे सातवे स्मित. मूळ अतिप्राचीन.'

"पण मॅडम, हे चुकलंय."

"जुनं नाव चुकतं," मॅडम म्हणाल्या. "नवं चुकत नाही."

घरी तिला शेवंतीच म्हणतात. दाखल्याचा फोटो मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, आणि दिवाळीपर्यंत घोडबंदर रोडला तीन शेव्हांती जन्मल्या. माजिवड्याच्या त्या सुनेनेही प्रणितला फोन केला. तिला दिवस गेले होते आणि स्पेलिंग हवे होते. "किती युनिक आहे ना," ती म्हणाली.

तुम्हालाही ते नाव आवडले असेल, भाचीपुतणीसाठी कुठेतरी टिपूनही ठेवले असेल. जरूर ठेवा. फक्त शेजारी आपल्या पणजीचे नाव लिहा. सुचत नसेल तर जागा मोकळी सोडली तरी चालेल. प्रणालीतही पणजीचा रकाना ऐच्छिक आहे.